क्लार्कचं नाव यायला हवं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कंट्री संगीतावरचा (तिथल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांवरचा) लेख आवडीने वाचला. पण त्यातले गायक लोकप्रियतेच्या यादीत 'नंबर एक' आलेल्या गाण्यांच्या हिशोबाने निवडलेले होते. त्यामुळे टेक्ससचा गायक-गीतकार गाय क्लार्क त्यात कुठेच नाही. हे मला फार लागलं.

मी मिरजेत तंबोरे करतो. तंबोऱ्यासाठी आलेल्या एका अमेरिकन गिऱ्हाइकाने, मी जवारी लावत असताना (तारांचा आवाज घुमावा म्हणून घोडी घासत असताना), मोबाइलवर क्लार्कचं गाणं ऐकवलं आणि ओळीओळीचा अर्थ सांगितला. वडिलांच्या चाकूचं गाणं. वडील युद्धावर निघाले तेव्हा आईने तो दिलेला. पोराने तो स्काउटच्या मेळाव्याला नेला, झाडात रुतवायला गेला आणि पात्याचं अर्धा इंच टोक मोडलं. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, चाकू खणात ठेवून दिला. ते गेल्यावर तुला काय हवं विचारलं, तर कायद्याची पुस्तकं नकोत, घड्याळ नको, पोराने चाकू मागितला. चाल जवळजवळ बोलल्यासारखी. असं गाणं रेडिओ दिवसभर कशाला वाजवील? आणि तिथला क्रमांक बराचसा रेडिओवरच ठरायचा.

क्लार्कचा पहिला अल्बम 1975चा, शेवटचा 2013चा. त्या शेवटच्याला 2014मध्ये, वयाच्या 72व्या वर्षी, ग्रॅमी मिळालं. त्याच्या स्वतःच्या आवाजातलं एकही गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं नाही. पण त्यानेच लिहिलेलं 'हार्टब्रोक' रिकी स्कॅग्सने गायलं आणि 1982मध्ये ते पहिलं आलं. जॉनी कॅश, विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज आणि क्रिस क्रिस्टोफरसन या कंट्रीतल्या नामवंत चौघांनी मिळून त्याचं गाणं गायलं. त्याचा जिवलग मित्र टाउन्स व्हॅन झँट, त्याचीही तीच गत. टाउन्सने लिहिलेलं आणि 1972मध्ये स्वतः गायलेलं 'पांचो अँड लेफ्टी' पहिलं आलं ते 1983मध्ये, विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्डच्या आवाजात.

क्लार्क नॅशव्हिलच्या घरात तळघरात गिटारी बनवायचा आणि त्याच खोलीत गाणी लिहायचा. हे कळल्यापासून तो मला आमच्या गल्लीतलाच वाटतो. लाकूड तासणाऱ्या हाताला घाई चालत नाही, आणि त्याच्या गाण्यांत ती कुठे दिसत नाही. तो 2016मध्ये गेला.

मालिकेचे पुढचे भाग येणार आहेत असं आपण छापलं आहे. त्यातला एक भाग क्लार्क आणि टाउन्सला द्यावा, आणि गाण्याचा उल्लेख येईल तिथे ते लिहिणाऱ्याचं नाव छापावं. मराठी भावगीतांवरच्या लेखांसाठीही माझी हीच विनंती आहे. तिथे गायकाचा फोटो येतो, संगीतकाराचं नाव येतं, कवी राहून जातो.

आपला,
एक तंबोरा कारागीर, मिरज