सात सवाई पावणेनऊ

धरमपेठ, नागपूर
२३ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. अर्धं पत्र सुडोकूचंच! रोज चार सोडवतोस, तेही पेनाने, खाडाखोड न करता. वा! आणि बाकीचा दिवस काय करून राहिला बे? ठाण्याला लेकाकडे गेल्यापासून तू सोफ्यावरून उठलास की नाही, याचा पत्रभर पत्ता नाही.

मी चिडून लिहितोय, कारण गेल्या महिन्यात मी जाम घाबरलो होतो. स्कूटरवर गोकुळपेठच्या बाजारात गेलो. मेथी घेतली, डझनभर संत्री घेतली आणि दोन्ही पिशव्या धरून पायी घरी आलो. संध्याकाळी बघतो तर फाटकात स्कूटर नाही. चोरी गेली म्हणून गल्लीभर बोंब मारली. हिने फक्त विचारलं, "सकाळी परत आणली होती का?" गाडी भाजीवाल्यासमोर तशीच उभी होती, किल्लीसकट. सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री डोळा लागेना. आई शेवटी शेवटी मला 'दादा' म्हणून हाक मारायची, ते तू पाहिलेलं आहेस.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-१२ बरंच कमी निघालं, थायरॉइड ठीक. विसरभोळेपणामागे कधी कधी एवढंसं कारण असतं, म्हणून आधी तपासणी करून घे. इंजेक्शनं सुरू झाली, माझा जीव भांड्यात पडला.

पण खरी शिकवणी घेतली भाचीने. ती फिजिओथेरपिस्ट आहे, रविवारी माझ्यासोबत सेमिनरी हिल्सला फिरायला येते. जपानी बागेकडच्या रस्त्याने आम्ही झपझप चाललो होतो. ती एकदम म्हणाली, "मामा, सवायकी येते? चालता चालता म्हणा." सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा. मला येत नाही? महालातल्या शाळेत पट्टी खाऊन पाठ केलेली! सुरू झालो. बे सवाई अडीच, तीन सवाई पावणेचार, चार सवाई पाच... सहापर्यंत गाडी सुसाट. सातावर आलो आणि पायच थांबले. रस्त्याच्या मधोमध उभा, तोंड उघडं, मागून येणारा एक जॉगर धडकता धडकता वाचला. भाची हसली नाही. म्हणाली, "हेच बघायचं होतं."

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हे नोंदवलं होतं. चालताना कुणी बोललं की जी म्हातारी माणसं थांबतात, ती पुढे जास्त पडतात. चालणं आपल्याला फुकटचं वाटतं, पण तोल, पाऊल, समोरचा खड्डा हा सगळा हिशोब मेंदू करत असतो. वय झालं की त्याला एका वेळी दोन खाती सांभाळणं जड जातं. तू बँकेत तीस वर्षं काढलीस, तुला हे सांगायला नको.

म्हणून तुझ्या सुडोकूवर माझा राग. सुडोकूने माणूस मुख्यतः सुडोकूत तरबेज होतो. नुसतं चालणंही काही वाया जात नाही. अमेरिकेत १२० वयस्कर माणसांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये छापून आला. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालवलं, निम्म्यांना नुसते अंग ताणायचे व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायचा भाग, साधारण २ टक्के वाढला. दुसऱ्यांचा कमी झाला. पण मला पटली ती उंदरांची गोष्ट. चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या त्याच भागात नव्या पेशी जास्त जन्मतात, पण त्यातल्या बऱ्याच मरून जातात. नवनवीन वस्तूंनी भरलेल्या पिंजऱ्यात ठेवलं की जास्त पेशी टिकतात. आधी पळवून मग तशा पिंजऱ्यात सोडलं, तर फायदा दोन्हींपेक्षा मोठा. म्हणजे पेरणी पायांनी आणि राखण डोक्याने. माणसात म्हातारपणी अशा पेशी किती बनतात यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे, हेही भाचीने सांगून टाकलं. फिनलंडमध्ये मात्र साठ ते सत्याहत्तर वयाच्या १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि बीपी-साखरेवर लक्ष, असं सगळं एकत्र दिलं. त्यांची बुद्धी दुसऱ्या निम्म्यांपेक्षा सरस राहिली. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होणारच नाही अशी हमी कोणी देत नाही. मीही देत नाही.

आता माझा कार्यक्रम. सकाळी सहाला चालणं, वर जाताना सवायकी, उतरताना दिडकी, म्हणजे दीडचा पाढा. अडीचकीत, अडीचच्या पाढ्यात, अजून गोंधळ होतो. रहदारीच्या रस्त्यावर हे करत नाही, भाचीची सक्त ताकीद आहे.

आणि हस, पण आम्ही लेझीम काढलीय! कॉलनीच्या मैदानात आठ म्हातारे आणि तीन आज्या. शाळेत ड्रिलच्या सरांच्या शिट्टीवर आपण खेळायचो, आठवतं? हात एकीकडे, पाय दुसरीकडे, कान हलगीकडे, शिवाय शेजाऱ्याच्या लेझमीने आपलं नाक फुटू नये याचं भान. लेझमीतला 'चार आवाज' हा प्रकार जमला. पण पुढचा प्रकार सुरू केला की मी हमखास उजवीकडे वळतो, सगळे डावीकडे. पहिल्या दिवशी घामाघूम झालो आणि रात्री डोकंही थकलं होतं, परीक्षेनंतर थकायचं तसं. त्यानंतर तर्री-पोहे खाणं भागच होतं, त्याबद्दल बोलू नकोस.

एक कडू गोष्ट. फोनवर तू दर वाक्याला "काय? काय?" करतोस. टीव्ही इतका मोठा की तुझ्या घरच्या बातम्या मला नागपुरात ऐकू येतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे. वहिनींनी आणलेलं कानाचं यंत्र कपाटात पडून आहे, हे मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस.

जानेवारीत येशील तेव्हा बूट घेऊन ये, चपला नकोत. तुझ्यासाठी एक लेझीम ठेवलीय, तिच्या दोन चकत्या गळाल्यात, पण वाजते.

तुझाच,
बाळ्या

ता. क. सात सवाई पावणेनऊच. लिहिताना शंका आली म्हणून बोटांवर मोजून पाहिलं. बसून.