क्लीटवाल्या पेडलची भीती: "पडल्याशिवाय येत नाही" हे सांगणं बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडायला लागली की जळगावात सकाळी मेहरूण तलावाकडे सायकलवाले वाढतात, दरवर्षी नवीन चेहरे दिसतात, बघून खूप बरं वाटतं. पण या नव्या लोकांनी क्लीटच्या पेडलचा विषय काढला की आपण जुने लोक एकच वाक्य ऐकवतो, "दोनतीनदा पडावंच लागतं भाऊ, त्याशिवाय येत नाही." मला हे वाक्य अजिबात पटत नाही आणि त्याने नुकसान होतंय म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटासा तुकडा बोल्टने बसवतात, तो पेडलच्या स्प्रिंगमध्ये टक् करून अडकतो, मग पाय घसरत नाही आणि लांबच्या राईडला पाय एका जागी राहतो. काढायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. भीती एवढीच की थांबताना पाय सुटलाच नाही तर? आणि ही भीती उगाच नाहीये, आकाशवाणी चौकात उजव्या अंगाला ट्रक उभा असताना पाय अडकलेला असेल तर कोणालाही धडकी भरेल.

आमच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, बँकेत नोकरी, वय पन्नाशीच्या आसपास. हौसेने बूट, पेडल सगळं घेतलं आणि मग हे पडण्याचे किस्से ऐकून ऐकून बूट खोक्यातच राहिले, कितीतरी महिने. शेवटी एका रविवारी त्यांची सायकल बघितली तर पेडलची स्प्रिंग भलतीच टाईट, दुकानातून पेडल बसवून दिले होते पण ताण कोणी बघितलाच नव्हता. शिमानो कंपनीच्या एसपीडी पेडलला (दोन बोल्टची छोटी क्लीट लागणारा प्रकार) ३ एमएमच्या ॲलन कीने फिरतो असा बारका स्क्रू असतो, दोन्ही बाजूंना वेगवेगळा, उलटा फिरवला की क्लिक क्लिक करत सैल होतो. चारही स्क्रू अगदी सैल केले. मग सायकल कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी, ताई सीटवर, एक हात भिंतीवर, आणि नुसता डावा पाय आत, बाहेर, आत, बाहेर. सुरुवातीला नजर सारखी खाली बुटाकडे जायची, श्वास धरलेला. मी मुद्दाम गप्पा सुरू केल्या, मुलीचं ॲडमिशन, घराचं रंगकाम, आणि बोलता बोलता पाय आपोआप सुटायला लागला तेव्हा म्हटलं आता चला मैदानात. त्या पडल्या नाहीत. आता त्या पाळधीपर्यंत जाऊन येतात.

विहिरीत पोहायला शिकवताना आपल्याकडे पाठीला डबा बांधतात ना, मग इथेच का थेट रस्त्यावर ढकलायचं?

मुळात हे पेडल सुटण्यासाठीच बनलेले आहेत. लूक नावाच्या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये ते आणले, त्या कंपनीचं काम स्कीच्या बाइंडिंगचं, बूट स्कीच्या पट्टीला धरून ठेवणारी पकड, म्हणजे माणूस बर्फात पडताना पाय पिरगळला की बूट सुटलाच पाहिजे, तीच कल्पना सायकलला लावली आणि १९८५ ला फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. माणूस पडतो तो बहुतेक वेळा जवळजवळ थांबलेला असताना, कारण ऐनवेळी घाबरून पाय वर नाहीतर मागे ओढतो. ओढून तो सुटत नाही, टाच फिरवावी लागते, आणि घाबरल्यावर डोकं चालत नाही म्हणून ते पायालाच माहीत पाहिजे. म्हणून थांबायचं दिसलं की ब्रेकच्या आधी पाय सोडायचा, त्याआधी गिअर हलका करायचा म्हणजे परत निघताना डगमग होत नाही, आणि कायम डावाच पाय टेकायचा, आपल्याकडे साईडपट्टी डावीकडे असते, वजनही तिकडेच ठेवायचं, ट्रककडे नाही. नवीन माणसाने दोन बोल्टची एसपीडीच घ्यावी, त्यात शिमानोची ५६ नंबरची क्लीट मिळते ती एकापेक्षा जास्त दिशांनी सुटते, सुरुवातीला फार उपयोगी. तीन बोल्टवाली रोडची क्लीट नंतर बघता येईल, ती घालून टपरीवर चहाला उतरलं तरी चालताना त्रास.

अजून एक, हे कोणी सांगतच नाही. क्लीटचा बोल्ट ढिला झाला तर टाच फिरवली की क्लीट जागच्या जागी राहते, बूट नुसता फिरतो, पाय सुटत नाही. त्यामुळे नवीन क्लीट लावल्यावर पहिल्या राईडनंतर बोल्ट परत आवळाच. आणि पावसाळ्यात शेताच्या कडेला उतरलात तर आपली काळी माती क्लीटमध्ये अशी गच्च बसते की पाय ना धड आत जात ना बाहेर येत, काडीने कोरून काढल्याशिवाय सायकलवर बसू नका.

ज्यांना हे नकोच असेल त्यांनी साध्या पेडलवर खुशाल चालवावी. २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची राईड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, ती साध्या पेडलवरही करता येते, नियमाची काही आडकाठी नाही. क्लीट नाही म्हणून कोणाला ग्रुपमध्ये कमी समजू नये, विशेषतः बायकांना आणि वयस्कर मंडळींना, कारण हाडाचं दुखणं त्यांना परवडत नाही आणि त्यांना वाटणारी भीती खरी असते.

तर जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव सगळीकडच्या सायकल ग्रुपना विनंती आहे की नव्या लोकांसाठी महिन्यातला एक रविवार मैदानावर ठेवा, राईड नको, नुसता सराव. आणि दुकानदार भाऊंनी पेडल विकताना स्प्रिंग सैल करून द्यावी, गिऱ्हाईकाला तिथेच भिंत धरून दहा मिनिटं पाय आतबाहेर करायला लावावा, पैसे घेतले तरी चालतील.

आपला,
एक सायकलप्रेमी वाचक, जळगाव