मायची कॅसेट

औसा, मंगळवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू तुमच्या कॉम्प्युटरच्या खेळातल्या म्हातारीसाठी मायच्या आवाजाची कॅसेट मागितलीस आणि मी "ती काय तुमच्या खेळातलं बाहुलं आहे का" म्हणून फोन ठेवून दिला. तुझी आई रात्रभर माझ्याशी बोलली नाही. तुला रागावायचं नव्हतं गं.

तुझं काम मला कळत नाही असं समजू नकोस. खेळणाऱ्याला कामगिरीवर धाडणारी म्हातारी करायची. ठरलेली चार वाक्यं घोकणारी नको, समोरचा बोलेल तसं उत्तर देणारी हवी. दिवाळीत तू स्टॅनफर्डच्या २०२३ च्या प्रयोगाचं सांगितलंस, कॉम्प्युटरनं चालवलेल्या २५ पात्रांची ती वस्ती. प्रत्येकाच्या आठवणी नोंदवून ठेवतात. त्यांतली जी ताजी, महत्त्वाची आणि बोलण्याला धरून असेल ती वर येते. मला तेव्हाच वाटलं, मायचं असं नव्हतं. सकाळी कोण येऊन गेलं ते ती दुपारी विसरायची, पण १९७२ चा दुष्काळ तिला कालचा होता. ताटात भाकरीचा तुकडा राहिला की मिलो ज्वारी निघायची, सुकडी निघायची, खडी फोडून सोललेले हात निघायचे. हे घाल तुझ्या म्हातारीत.

पण जे माय कधी बोललीच नाही, ते तिच्या तोंडी नको.

आणि तिनं काम कधी सरळ सांगितलं का? मामीशी वर्षभर अबोला होता, तेव्हा तू सहा वर्षांची असताना तिनं तुला वाटी देऊन मामीकडं विरजण आणायला पाठवलं. घरात विरजण होतं! तू रिकामी वाटी घेऊन आलीस, "मामी रडायली" म्हणालीस. माय पदर डोक्यावर घेऊन तशीच निघाली. तुला कशाला धाडलं होतं ते तुला आज कळत असेल.

ही बोलणारी यंत्रं मनचं रचून ठामपणे सांगतात, हे तूच म्हणालीस. खेळणारी पोरं तिला वाटेल ते बोलतील आणि ती गोड बोलत राहील. माय पाठ फिरवून उठून गेली असती. माणसाचा आवाज उसना घेताना आधी विचार करावा, मोठ्यांना विचारावं... विचारलंस तर होतंस तू. चुकलं माझं. पुन्हा शिकवायला लागलो.

परवा बँकेत ओळखीचे भेटले, त्यांना सांगितलं, पोरगी खेळातल्या माणसांना बोलायला शिकवते. दोनदा सांगितलं.

कॅसेट पोस्टानं पाठवत नाही. टेपचा पट्टा बदलून आणलाय, तू आलीस की दोघं ऐकू. दुसऱ्या बाजूला जात्यावरच्या ओव्या आहेत. तिसऱ्या ओवीत ती मध्येच थांबते आणि म्हणते, "मने, दार लाव गं, कोंबड्या आत यायल्या." ओव्या घे हव्या तर. तेवढी हाक मात्र कुठं घालू नकोस.

तुझे
अण्णा