नायलॉनचा काठ

येना (जर्मनी), रविवार रात्र

प्रिय मंजू,

आपल्या गुरू माईंच्या मारव्यातल्या संथ विलंबिताला तू जोडलेलं जलद द्रुत त्यांच्या शताब्दीत गाऊ का, या तुझ्या मेसेजला आठ महिने उत्तर दिलं नाही. कामात होते वगैरे लिहीत नाही, तुला पटणार नाही. गुडघा बरा आहे, साखर होती तिथेच आहे.

झालं असं, की गुरुवारी इथल्या फिलहार्मोनी वाद्यवृंदाच्या मैफलीला गेले. लॅबमधून निघायला उशीर झाला. फोल्क्सहाउस सभागृहात धापा टाकत पोचले आणि माहितीपत्रक न घेताच कोट मांडीवर टाकून मागच्या रांगेत बसले. माहलर या संगीतकाराची चौथी सिंफनी, एवढंच ठाऊक होतं. सुरू झालं आणि अगं, दोनेक मिनिटांत माझा घसा दाटला. माईंच्या माजघरात तानपुरे लागून झाले की कोणी काही बोलायचं नाही, आठवतं? तसं पोटात झालं. म्हटलं, माहलर माहलर म्हणतात ते उगीच नाही.

तो तुकडा संपला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवणं म्हणजे इथे काय पाप, ते मी पहिल्याच वर्षी भोगलंय. त्यामुळे मी हात मांडीखाली दाबून बसले आणि मनात म्हटलं, बिघडलं हो हे गाव! मग घुंगरं वाजली आणि पुढे तासभर बाकीचं. निघताना शेजारच्या आजींना म्हटलं, सगळंच सुंदर, पण तो पहिला भाग! आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. तो माहलर नव्हताच. आंद्रेआ लोरेन्झो स्कार्ताझिनी म्हणून स्विस माणूस आहे, जन्म 1971, आपल्याहून तीनच वर्षांनी मोठा. इथल्या मंडळींनी आणि त्यांच्या झिमोन गाउडेन्त्स या कंडक्टरनं माहलरच्या सिंफन्यांसाठी त्याच्याकडून नव्या रचना करून घेतल्यात. सिंफनीच्या आधी वाजवायच्या. म्हणजे जोडच की!

हस आता, मनसोक्त हस. ‘तू कानानं नाही, नावानं ऐकतेस’ हे तुझं वाक्य, औंधच्या बसस्टॉपवरचं. आणि मी तुझ्या द्रुताला म्हणाले होते, पैठणीला नायलॉनचा काठ. शब्द झकास जमला होता, त्याचा मला अजून अभिमान वाटतो. तीच तर पंचाईत आहे.

गुरुवारपासून वाचत सुटलेय. त्या चौथ्या सिंफनीचा शेवट म्हणजे एक गाणं. सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, उभी राहून गाते. स्वर्गातल्या जेवणाचं वर्णन आहे, भाज्या-फळांपासून मासळीपर्यंत, तुझ्या सासरच्या पंगतीसारखं. माहलरनं ते गाणं 1892 मध्ये केलं. आधी तिसऱ्या सिंफनीला लावून पाहिलं, मग तिथून काढलं. आणि 1899-1900 मध्ये त्याच्याआधीचे तीन भाग रचले. म्हणजे द्रुत आधीचं आणि विलंबित नंतर केलेलं! ज्याला मी अखंड पैठणी समजत होते, ती त्यानं स्वतःच पदराकडून उलटी विणत आणली होती. वर 1901 मध्ये म्युनिकला पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. तुझ्यापुढे तर मी एकटीच होते.

दुसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनवाल्याला दोन व्हायोलिनं लागतात. एक एका पूर्ण स्वरानं चढवून ठेवलेलं, कारण तिथे मरण स्वतः फिडल वाजवतंय आणि ते रस्त्यावरच्या फिडलसारखं किरटं वाजायला हवं. तो माणूस गुपचूप एक खाली ठेवून दुसरं उचलतो. मला माईंचा तो वेगळा ठेवलेला काळा तानपुरा आठवला. कोणी नेला गं तो?

पण लगेच नाचू नकोस. येनाचा तुकडा आधी येतो, तुझा नंतर येणार. नंतरचं अवघड असतं. होल्स्ट या संगीतकाराच्या ‘प्लॅनेट्स’ या रचनेचं शेवटचं नेपच्यून म्हणजे दाराआडून बायका गातात आणि दार हळूहळू लोटून घेतात, आवाज विरत जातो. त्याला 2000 मध्ये कॉलिन मॅथ्यूजनं प्लूटो जोडला. आणि 2006 मध्ये प्लूटोचं ग्रहपदच गेलं! विनोद सोड, पण लोटलेलं दार पुन्हा उघडलं की मला थंडी वाजते. माईंच्या मारव्यात तेच होतं. षड्जापर्यंत यायचं, त्याला नुसतं दाखवायचं आणि परत फिरायचं. तुझं द्रुत पहिल्याच आवर्तनात सा वर बूड टेकतं. हे तेव्हा म्हणाले होते, आजही म्हणते.

तर शताब्दीत गाऊ का, असं तू विचारलंस आणि मी गप्प बसले, त्याचं कारण सा नव्हे. लोकांना ते माईंचंच वाटलं तर, याची मला भीती होती. माईंची वही आपल्या दोघींकडेच, आपण दोघी नसलो की कोण सांगणार? आणि गुरुवारी मला स्वतःलाच तसं वाटलं आणि मी रडले. आता हे चांगलं की वाईट, ते ठरत नाही. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीत पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटं थांबा असं त्यानं लिहून ठेवलंय, पुष्कळ कंडक्टर एवढं थांबत नाहीत. आपण आठ महिने थांबलो.

गाताना नाव सांगून गा, एवढं मात्र हवं. ‘हे मंजूचं’, असं.

चिन्मयचं ठरल्याचं ताईकडून कळलं. मुलगी नागपूरची ना? लिफ्टचं काम झालं का? अण्णांना नमस्कार. वांगी भाजायचं जाळीचं ते पाठवू नकोस, इथे शेगडी विजेची.

आणि अंतरा रेकॉर्ड करून पाठव. त्या दिवशी मी स्थायी संपायच्या आत उठून गेले होते. अंतरा मी ऐकलाच नाहीये, मंजू.

तुझी,
वसू