‘आज बंद’ म्हणणाऱ्याचं नुकसान होऊ देऊ नका : पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

डोंगरात पॅराग्लायडिंग करताना किंवा झिपलाइनवरून पडून एखाद्या पर्यटकाचा जीव गेला की पुढचा क्रम आता सगळ्यांना पाठ झाला आहे. व्हिडिओ फिरतो, गुन्हा दाखल होतो, त्या भागातले सगळे साहसी खेळ सरसकट बंद करण्याचा आदेश निघतो, चौकशी समिती बसते. पुढचा हंगाम तोंडावर आला की आदेश गुपचूप मागे घेतला जातो. माणसं तीच, साधनं तीच, उतारही तोच. मधल्या काळात नियम पाळून काम बंद ठेवणारा कर्जात जातो आणि आडबाजूला चोरून चालवणारा कमावतो. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र बंदीची मागणी करणारं नाही.

गिर्यारोहक आणि पर्यटक यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो फाइलवर फारसा दिसत नाही. गिर्यारोहक वर्षानुवर्षं शिकतो, स्वतःचा दोर स्वतः तपासतो, हवामान बिघडलं तर स्वतः मागे फिरतो. पर्यटक पंधरा मिनिटांच्या थरारासाठी आपला जीव अनोळखी माणसाच्या हाती देतो. त्याला हेल्मेट नवं आहे की जुनं एवढंच कळतं. दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, म्हणजे कॅराबिनरचंच घ्या. युरोपीय मानकानुसार गेट (कडीची उघडझाप होणारी बाजू) बंद असताना साध्या कॅराबिनरने लांबीच्या दिशेने किमान 20 किलोन्यूटन (ताण मोजायचं एकक) ताण सोसला पाहिजे; गेट उघडं असेल तर हीच अट 7 किलोन्यूटनवर येते. म्हणजे ताकद एक तृतीयांशावर. बिजागरीत बारीक वाळू बसली की गेट पुरतं मिटत नाही, आणि पर्यटकाला मिटलेलं आणि न मिटलेलं सारखंच दिसतं. नायलॉनचा दोर उन्हाने कमजोर होत जातो, तेही वरवर पाहून कळत नाही. बहुतेक उत्पादक सांगतात की न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनी बाद करा. रोज शेकडो माणसं उतरवणारा दोर त्याच्या कितीतरी आधी बाद व्हायला हवा.

साधनांची तपासणी, परवाने, प्रमाणपत्रं हे सगळं करावंच लागेल. साहसी पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थापनासाठी 2014पासून आयएसओ 21101 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे पाटी कोरी नाही. पण मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. साधनं उत्तम, पायलट अनुभवी, परवाना ताजा, आणि तरीही त्या दिवशी उडायलाच नको होतं, अशा अपघाताचं काय?

पॅराग्लायडिंगच्या टेकऑफच्या जागी दुपारी थोडा वेळ उभं राहून बघा. सकाळी वारा समोरून एकसारखा येत असतो. ऊन चढतं, उतार तापतो, गरम हवेचे झोत सुटायला लागतात. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारा कापडी नळा, एकदम ताठ होतो, मग लोंबतो, मग भलत्याच दिशेला वळतो. हे पायलटला दिसत नाही असं नाही. पण मागे रांग असते, पैसे आधीच घेतलेले असतात, शेजारचा अजून उडवतोय, आणि याची कमाई उड्डाणांवर मोजली जाते. उडालास तर पैसे, थांबलास तर शून्य. मग तो घाई करतो. घाईत काय राहून जातं तर मांड्यांचे पट्टे. छातीचा पट्टा लावलेला असतो, प्रवासी उभा असतो, त्याला हार्नेस (अंगाला बांधलेला पट्ट्यांचा संच) घट्ट वाटतो. मांड्यांचे पट्टे मोकळे आहेत हे पाय जमिनीवरून सुटल्यावरच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दोष पायलटवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण ‘आज नाही’ म्हणणाऱ्याचीच चूल विझत असेल, तर ‘आज नाही’ कोण म्हणेल?

27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या सॅक्सेटबाख घळीत कॅनियनिंग (घळीतल्या प्रवाहातून चालत, पोहत, उड्या मारत उतरणं) करणाऱ्या पर्यटकांवर पुराचा लोंढा आला. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला होता. 21 जण गेले. त्यांत मार्गदर्शकही होते. घळीत पावसाचा अंदाज डोक्यावरच्या आकाशावरून घेता येत नाही, वरच्या पाणलोटात काय चाललंय ते कळावं लागतं. डोंगर ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहेत अशा त्या देशातही जोखमीच्या खेळांसाठी संघीय कायदा लागू व्हायला 2014 साल उजाडलं.

दुसरं उदाहरण समुद्रातलं आहे, पण आपल्या मुद्द्याला जास्त लागू पडतं. मार्च 1993मध्ये इंग्लंडच्या लाइम बे इथे साहसी केंद्राच्या कयाक सहलीत चार शाळकरी मुलं दगावली. त्याच्या काही महिने आधी तिथून नोकरी सोडलेल्या प्रशिक्षकांनी व्यवस्थापनाला पत्र लिहून धोका कळवला होता. पुढे खटल्यात तेच पत्र पुरावा ठरलं, कंपनी आणि तिचा संचालक दोषी ठरले, 1995मध्ये कायदा झाला. धोका माहीत असलेली माणसं आतच होती. त्यांचं ऐकणं कुणावर बंधनकारक नव्हतं, एवढंच.

आता मागणी. टेकऑफच्या प्रत्येक जागी, राफ्टिंगच्या प्रत्येक पट्ट्यावर प्रशासनाने नेमलेला एक निरीक्षक हवा. त्याचा पगार उड्डाणांवर किंवा फेऱ्यांवर अवलंबून नको. त्याने बंद म्हटलं की सगळ्यांचं एकदम बंद. शेजारचा चालू आहे म्हणून मीही चालू ठेवतो, ही सबब तिथेच संपते. वाऱ्याचा वेग आणि वरच्या पाणलोटातला पाऊस मोजणारी यंत्रं महाग राहिलेली नाहीत. त्यांचे आकडे टेकऑफवरच्या फलकावर आणि मोबाइलवर सगळ्यांना दिसू द्या. हवामानामुळे रद्द झालं तर पर्यटकाला पूर्ण पैसे परत, कसलीही कपात न करता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निरीक्षकाने बंद ठेवलेल्या दिवशी पायलट आणि गाइड यांना ठरावीक मजुरी, परवाना शुल्कातून उभ्या केलेल्या निधीतून.

वित्त विभाग या शेवटच्या वाक्यावर लाल शेरा मारणार, याची मला कल्पना आहे. काम न करता पैसे कशाला, असं विचारलं जाईल. माझं म्हणणं असं की वाईट वाऱ्यात न उडणं हेच त्या दिवसाचं काम आहे.

अपघात थोडक्यात टळतात, त्यांची आज कुठेच नोंद होत नाही. करणार कोण? नोंद केली की परवाना जाण्याची भीती. विमान वाहतुकीत हा पेच जुनाच आहे. अमेरिकेत 1976पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून अशा घटना गोपनीय पद्धतीने गोळा करते आणि नाव काढून इतरांना उपलब्ध करून देते. असंच काहीतरी डोंगरातही चालू शकेल. न्यूझीलंडने 2011मध्ये साहसी व्यावसायिकांना स्वतंत्र सुरक्षा तपासणी आणि नोंदणी बंधनकारक केली; ती नोंदवही कुणालाही बघता येते. आपल्या पर्यटकालाही पैसे भरण्याआधी हे बघता यायला हवं. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलेल्या कागदावर त्याची सही घेतली जाते, पण ज्या धोक्याची त्याला कुणी कल्पनाच दिली नाही त्याची जबाबदारी तो कशी घेणार?

बचाव पथकांबद्दल सविस्तर लिहीत नाही, त्यावर तज्ज्ञांचे अहवाल आपल्या विभागात असतील. एवढंच सांगतो की अपघातानंतर आधी धावतात ते जवळच्या गावातले लोक, आणि त्यांच्याकडे साधं स्ट्रेचरही नसतं.

नवे नियम तयार होतील तेव्हा त्यांचा मसुदा हंगामाच्या किमान दोन महिने आधी लोकांसमोर ठेवा. चर्चेला कंपन्यांच्या मालकांना बोलावलं जाईलच. त्याच टेबलाभोवती उड्डाणामागे पैसे मिळणारे पायलट आणि रोजंदारीवरचे राफ्ट गाइड यांनाही खुर्ची द्या, आणि त्यांनी तिथे जे सांगितलं त्यावरून त्यांचं काम जाणार नाही याची लेखी हमीही द्या.

आपला नम्र,
डोंगरात नेहमी जाणारा एक नागरिक