देव घरी ठेवायचा म्हणजे नक्की कुठे ठेवायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलंय, की निवडून आलेल्या माणसानं देव घरी ठेवून कार्यालयात यावं. त्यातलं निम्मं मला पटलं. उरलेलं निम्मं डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. मी माण तालुक्यातल्या एका गावची सरपंच आहे. महिला आरक्षण पडलं म्हणून उभी राहिले आणि निवडून आले. गळ्यात तुळशीची माळ आहे, ती निवडणुकीच्या कितीतरी आधीपासूनची. शुद्धलेखन आपल्या उपसंपादकांनी खुशाल दुरुस्त करावं, फक्त मुद्दा कापू नये.

पटलेलं आधी सांगते. आषाढी जवळ आली की आमच्या फाट्यावर फ्लेक्स लागतात. मधोमध हात जोडलेले नेते, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग आणि विठोबा वर कोपऱ्यात, पासपोर्ट साइज. दिंडीत केळी वाटायला येतात, पण फोटोवाला पोचल्याशिवाय घड सोडत नाहीत. हा देव घरी ठेवा असं पत्रलेखकांना म्हणायचं असेल, तर ठरावाला अनुमोदन माझं.

दुसरी जात सभेत ‘देवाचीच इच्छा आहे’ म्हणून सांगणाऱ्यांची. ग्रामसभेत कुणीही उठून सरपंचाला हिशोब विचारू शकतो. तो त्याचा हक्क आहे. पण देवाचं नाव मधे आलं की विचारणारा गप्प बसतो, कारण देवाला कोण उलटा प्रश्न करणार? म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय. ग्रामपंचायतीच्या उंबऱ्याच्या आत विठ्ठलाच्या नावावर काही मागायचं नाही आणि काही खपवायचं नाही. तिथं दप्तर काढायचं, हात वर करून ठराव घ्यायचा.

इथपर्यंत आम्ही एका बाजूला. पण पत्रलेखकांनी देव म्हणजे पायताण समजलंय असं वाटतं, दारात काढलं आणि आत गेलं. मी सरपंचकीत जे काही धड करते, ते करायचं बळ कुठून येतं हे त्यांना सांगायला हवं.

पहाटे बंब पेटवला की पाणी तापेपर्यंत मी पाटावर बसते. समोर विठ्ठल-रखुमाईची तसबीर आहे, काच एका कोपऱ्यात तडकलेली. हातात माळ असते, पण जप कमी आणि बोलणंच जास्त. आमच्या बायकांना विठ्ठलाला अहो-जाहो करायची सवय नाही. जनाबाई त्याच्याशी भांडली, त्याला वाट्टेल ते बोलली, आणि ती वाट आम्हाला कायमची मोकळी करून गेली. माझी आई जात्यावर बसली की विठ्ठलाला भाऊ म्हणायची. सासरचं जे गाऱ्हाणं माहेरच्या माणसालाही सांगता येत नव्हतं, ते त्याला सांगायची. अभ्यासक हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्यात. त्यात माझ्या आईसारख्या बायका किती असतील!

मी काय बोलते? तर आज ठेकेदार बिलावर सही मागायला येणार आहे, तो आमच्याच भावकीतला आहे आणि मला त्याची भीती वाटते. कार्यालयात मला हे म्हणता येत नाही. बाई खुर्चीवर बसली की ती घाबरते कधी, याचीच वाट बघत असतात लोक. कुठंतरी ते बोलून टाकावंच लागतं. आणि दुसरं असं, की त्या पाटावर बसून खोटं बोलता येत नाही. एखाद्या माणसाचं काम मी अडवून धरलेलं असतं आणि कारण नियमाचं सांगितलेलं असतं. पाटावर बसलं की कळतं, नियम नावापुरता आहे, त्यानं मागं प्रचारात मला शिव्या घातल्या होत्या त्याचा राग आहे. मग त्याचं काम त्याच दिवशी होतं.

विठ्ठल मला कधी उत्तर देत नाही. दृष्टान्त झाला, कानात शब्द आले, असं म्हणणारे भेटतात, त्यांचं त्यांच्यापाशी. माझ्या सासूबाई गोंदवल्याच्या परंपरेतल्या. गोंदवलेकर महाराजांनी १८७६ च्या दुष्काळात लोकांना आपल्या शेतात कामाला लावलं आणि जेवू घातलं, हे त्या काल घडल्यासारखं सांगतात. त्यांना माझी ही बडबड मान्य नाही. “बोलतीस लई. नाम घे की,” म्हणतात. मी घेते, पण आधी बोलून घेते.

माझे मालक गलाईच्या धंद्यात होते. आमच्याकडची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायला परमुलखात जातात, तसे ते तामिळनाडूत होते आणि तिथंच गेले. त्यांना गावी आणल्यावर ओट्यावर माझं जे काही झालं, ते इथं लिहीत नाही. ज्यांनी ते सोसलंय त्यांना सांगायची गरज नाही. पुढं मी सरपंच झाले आणि गावात हरिनाम सप्ताह आला. निमंत्रणपत्रिकेवर नाव माझं. वीणापूजनाला मात्र उपसरपंच, सपत्नीक. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे फार गोड बोलले: “वहिनी, तुम्हाला उगीच त्रास कशाला?” मी कीर्तनाला शेवटपर्यंत बसले, घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाटावर विठ्ठलाला जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

वारीत डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला तिचा नवरा आहे की नाही हे कुणी विचारत नाही. धाकटा थोरल्याच्या आणि थोरला धाकट्याच्या पाया पडतो. मग हाच वारकरी गावात परत आला की त्याला काय होतं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. त्या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं हे आमच्या गावात बंद. शासनानंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक आमच्या कार्यालयात फायलीत होतं. मी काढायला लावलं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरात होते, मी ती समाजमंदिरात सतरंजी टाकून घेतली. विषय वाचला तर कुणी ब्र काढेना. पुरुषांपेक्षा बायकांचाच विरोध जास्त असतो, हे मला ठाऊक होतं. मग मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली: “माझ्या बांगड्या फोडल्या तवा काच मनगटात ऱ्हायली. कळशी उचलली की खुपायची. त्या खुपण्यात माझ्या धन्याला काय मिळालं, ते मला कुणी सांगावं.” मग बायका बोलायला लागल्या, थांबेनात.

ग्रामसभेत मी फक्त हेरवाडचा ठराव आणि परिपत्रक वाचून दाखवलं. देवाचं नाव घेतलं नाही, नियम नियमाच्या जागी. पण रात्री देवळात भजनाला बसले तेव्हा बुवांनी विषय काढला, “सरपंच, हे धर्मात बसत नाही.” तिथं मला बोलायला मोकळीक होती. मी म्हणाले, बुवा, पंढरपूरच्या देवळात आपल्या गावातल्या निम्म्या लोकांना जाता येत नव्हतं, तेही धर्मातच बसत होतं. साने गुरुजींनी त्यासाठी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. ते १० मे पर्यंत चाललं. बसायला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. देऊळ सगळ्यांना उघडायचं ठरल्यावर काहींनी म्हणे विठ्ठलाचं तेज घागरीत काढून ठेवलं, बाटू नये म्हणून! आज त्या घागरीपुढं कोण रांग लावतंय? रांग विटेवरच्या विठोबापुढंच आहे.

बुवा हसले. ठराव झाला, पण म्हणून सगळं झालं असं नाही. त्यानंतर काही घरांनी पाळला, काहींनी नाही. आता गावात कुणाचा मालक गेला की मी पहिल्या तासात त्या घरी जाते आणि त्या बाईशेजारी बसते. तिची दोन्ही मनगटं माझ्या हातात धरून ठेवते. लोकांना वाटतं सरपंच सांत्वन करतीय. सांत्वन तर आहेच, पण माझी बोटं तिच्या बांगड्यांवर असतात. तेवढा वेळ पार पडला की मग सहसा कुणी पुढं होत नाही. हे काम कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही, आणि पहाटेचा पाट नसता तर ते करायचं धाडस मला झालं नसतं. भावकीतल्या थोरल्या बायका ज्या नजरेनं बघतात, ती नजर साधी नसते.

आता गावातल्या एका गटाराचं थोडक्यात सांगते. मंडळींना देवळापुढं सभामंडप हवा होता. आमच्या एका वस्तीवर अंगणवाडीच्या दारातून उघडं सांडपाणी वाहतं, पोरं त्यावरून उडी मारून आत जातात. मला आधी तिथं गटार करायचं होतं. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागत होता. ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) ते वाचून दाखवलं. तरी मागून आवाज आलाच, “माळ घालती आणि देवळाला आडवी येती.” मी सांगितलं, सभामंडप लोकवर्गणीतून होऊ द्या, माझं मानधन त्यात पहिलं धरा. मानधन ते केवढं, पण पावती फाडली. देवळात मात्र भजनी मंडळाला गाडगेबाबांची आठवण दिली. बाबा गावात शिरले की आधी खराटा आणि मग कीर्तन. पंढरपुरात येणाऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः बाहेर झाडत राहिले. मी कुणाचा गुरू नाही आणि मला कुणी शिष्य नाही, असं म्हणणारा माणूस, पण त्यांच्या शब्दाखातर गावंच्या गावं झाडू घेऊन उभी राहायची. ‘नेतृत्वगुण विकसन’ या विषयावर आम्हा सरपंचांना प्रशिक्षणाला बोलावतात, जेवण चांगलं असतं. तिथं एकदा तरी गाडगेबाबा शिकवावेत.

गटार निम्मं झालंय. उरलेलं पुढच्या हप्त्यात.

पत्रलेखकांना एक विचारायचंय. माझा देव तुम्हाला माझ्या कार्यालयात दिसणार नाही, तसबीरही लावलेली नाही. मी भीती कुठं ठेवून येते, राग कुठं धुऊन येते, एवढाच त्याचा माझा संबंध आहे. ज्यांचा देव नाही असेही काही भले लोक मी पाहिलेत. आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर त्यातलेच. त्यांनाही रात्री स्वतःशी काही बोलावंच लागत असणार. ज्याला असं बोलायला कुणीच नाही आणि समोर नुसते हुजरे आहेत, अशा माणसाची मला जास्त काळजी वाटते, मग तो देव घरी ठेवून येवो नाहीतर डोक्यावर घेऊन येवो.

यंदाच्या सप्ताहाला वीणापूजन कुणी करायचं, यावर भजनी मंडळाची बैठक अजून व्हायची आहे. बुवांनी माझं नाव सुचवलंय असं कानावर आलंय. मी त्यांना सांगून पाठवलंय, की एकट्या सरपंचाला मान देऊन प्रश्न मिटवू नका. गावात मालक गेलेल्या ज्या बायका भजनाला येतात, त्या सगळ्यांना पुढं बोलवा, नाहीतर मी मागंच बसते. त्यावर मंडळात दोन तट पडलेत. बैठक पार पडली की कळवीन, आपण छापणार असाल तर.

आपली,
एक माळकरी सरपंच
माण तालुका, जि. सातारा

(नाव आणि गाव कृपया छापू नये. माझी हरकत नाही, पण पत्रातल्या बायका लगेच ओळखू येतील.)