थंडीचीही इशारा पातळी ठरवा : कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय : गळीत हंगामापूर्वी थंडीच्या लाटेचे नियोजन, विशेषतः ऊसतोड मजुरांच्या तळांवर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. ३९ चा आकडा आला की चिखली-आंबेवाडीतली जनावरे हलायला लागतात, तलाठी-ग्रामसेवक गावात थांबतात, बोटी कुठे ठेवायच्या याचे फोन सुरू होतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला हे शिकवले. थंडीसाठी मात्र असा एकही आकडा आपल्याकडे नाही. कुठल्या रात्री कोणी काय करायचे, हे ना गावाला माहीत आहे, ना साखर कारखान्याला. तो आकडा आपण या हंगामाच्या आधी ठरवावा, एवढ्यासाठी हे पत्र.

कोल्हापुरात बर्फ पडणार नाही, हे मला कळते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की त्याचे फोटो छापून येतात, आणि आपल्या भागाची मजल फार तर तिथपर्यंत. पण उबदार मुलखात अवचित आलेल्या थंडीने काय होते, याचे दोन दाखले डोळ्यांसमोर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, न्यू ऑर्लिन्ससारख्या दमट आणि उष्ण शहरात, एका दिवसात सुमारे ८ इंच बर्फ पडला. त्या किनाऱ्यासाठी हिमवादळाचा सर्वोच्च इशारा तिथल्या हवामान खात्याने त्याआधी कधी दिलेलाच नव्हता. पण अंदाज काही दिवस आधी हाती होता. लुइझियाना राज्याने वादळ येण्यापूर्वीच आणीबाणी जाहीर केली, शाळा आणि कचेऱ्या आधीच बंद ठेवल्या, महामार्ग आणि पूल वाहतुकीला बंद केले.

दुसरा दाखला टेक्सासचा, फेब्रुवारी २०२१ चा. तिथे वीजनिर्मिती केंद्रे आणि वायूच्या वाहिन्या गारठून बंद पडल्या, लाखो घरे ऐन थंडीत अंधारात गेली. राज्य सरकारच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसे गेली. बहुतेक जण शरीराचे तापमान उतरून गेले. काही जण ऊब मिळावी म्हणून बंद घरात कोळसा पेटवून किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून विषारी वायूने गेले. त्याच्या दहा वर्षे आधी, २०११ मध्येही तिथे अशीच थंडी पडली होती. यंत्रणा थंडीला तोंड देईल अशी करा, असा लेखी सल्ला त्यानंतर केंद्रीय संस्थांनी दिला होता. तो सक्तीचा नव्हता, म्हणून फाइलीत राहिला. कायदा झाला तो माणसे गेल्यावर.

आता आपल्याकडचे बघू. कोल्हापूरचे डिसेंबर-जानेवारीचे सरासरी किमान तापमान १४-१५ अंशांच्या आसपास असते. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी झाले, तर भारतीय हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो. म्हणजे आपल्याकडे पारा १० च्या घरात उतरेपर्यंत कागदोपत्री लाट नाही. ११ अंशांची रात्र ही वर्तमानपत्रात ‘गुलाबी थंडी’ असते. रंकाळ्यावर फिरायला आलेली, कानटोपी घातलेली माणसे, हातात चहाचा कप, असा फोटो येतो. चार भिंतींच्या घरात, रजईत झोपणाऱ्याला ती गुलाबी असेलही.

पण हा आकडा मोजतात कुठे? वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, हवा खेळेल अशा लाकडी पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते आणि जमिनीलगतची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होते. ही थंड, जड हवा उतारावरून खाली येऊन नदीकाठच्या सखल भागात साठते. भोगावती-कुंभीच्या खोऱ्यात पहाटे जे धुके दिसते, ते तिथेच धरते. आणि ऊसतोड मजुरांचे तळ बहुतेक ठिकाणी याच सखल पट्ट्यात, पाण्याच्या जवळ आणि फडाच्या, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानाच्या, जवळ पडतात. मजूर झोपतात जमिनीवर. वेधशाळेच्या पेटीत ११ अंश असताना त्यांच्या अंथरुणाखाली काय असेल, ते कुठल्याही बातमीत येत नाही.

मी करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक आहे. माझा ऊस हेच लोक तोडतात. बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव, सोलापूर या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात आणि मार्चपर्यंत इथे राहतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. बांबू, चटई आणि प्लास्टिकच्या कागदाची कोपी, तिला दार नाही, खाली जमीन. पहाटे चार-पाचला माणसे फडात शिरतात. त्या वेळी उसाच्या पानापानावर दंव असते. पहिल्या अर्ध्या तासात अंगावरचे कपडे ओले होतात. बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो पाचटाने, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांनी, अंग कापू नये म्हणून, पण तोही भिजतो. लहान पोर बांधावर, गाडीखाली, गोधडीत ठेवलेले असते. ओले कपडे, पहाटेचा वारा आणि रात्री गाडी भरून झाल्यावर मिळालेली तीन-चार तासांची झोप एवढे एकत्र आले की माणसाचे शरीर थंड पडायला १० अंशांची वाट बघावी लागत नाही. १२-१३ अंशही पुरतात. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की माणूस गोंधळतो, बोलणे अडखळते, आणि बघणाऱ्याला वाटते की थकलाय, नाहीतर प्यायलाय. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर ते रडतही नाही, नुसते सुस्त पडते, आणि आईला वाटते झोपले.

यात एक गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. थंडी पडली की उसात साखर भरते. रात्रीचा गारठा आणि दिवसा कोरडे ऊन, हे पक्व होणाऱ्या उसाला मानवते. साखर उताऱ्यात, म्हणजे गाळलेल्या उसातून किती टक्के साखर निघते त्यात, कोल्हापूर विभाग राज्यात पुढे असतो, याला आपली जमीन आणि पाणी जसे कारण आहे तसा हा हिवाळाही आहे. डिसेंबरात थंडी वाढली की आमच्यात बोलणे होते, ‘आता उतारा सुधारणार.’ कारखान्याला त्याचा फायदा, आम्हा शेतकऱ्यांना दरात फायदा. ज्या थंडीतून हा पैसा येतो ती अंगावर घेणाऱ्याला मात्र टनामागे ठरलेली तोडणीची मजुरी मिळते, थंडी वाढली म्हणून एक रुपया जास्त नाही. मग त्या रात्रींचा खर्च या साखरेतूनच निघायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे दान नव्हे.

आपल्याकडे अधिकार आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण आहात. थंडीची लाट आणि गोठणारे दंव ही केंद्राच्या यादीतली आपत्ती आहे आणि तिच्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देता येते. अंदाजाचीही अडचण नाही. हिमालयात पश्चिमी झंझावातामुळे बर्फ पडतो, तो झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान-गुजरातवरून खाली आपल्यापर्यंत पोचतात. या साखळीची चाहूल हवामान विभागाला काही दिवस आधी लागते, आणि पुढच्या चार आठवड्यांचा ढोबळ अंदाज दर गुरुवारी निघतो. शिवाय महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा इथल्या रात्रीचे तापमान शहराच्या आकड्यावरून ठरवायची गरज उरलेली नाही. मंडळवार किमान तापमान रोज सकाळी, पावसाळ्यात धरणांचा विसर्ग जाहीर होतो त्याच पद्धतीने, जाहीर करावे.

आकडा कोणता, हे हवामान विभाग आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना बसवून आपण ठरवावे. माझ्या अनुभवाने सांगायचे तर उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी १२ अंश ही इशारा पातळी आणि १० ही धोका पातळी असावी. इशारा पातळीचा अंदाज आला की कारखान्याच्या शेती विभागाने गट ऑफिसातून प्रत्येक मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, कळवायचे, की उद्या सूर्य वर येऊन दंव सुकल्याशिवाय फडात उतरायचे नाही. इथेच खरी गाठ आहे. टोळीने उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, काम टनावर असते. दोन तास उशिरा कोयता लागला तर नुकसान मजुराचे. म्हणून नुसती सूचना चालणार नाही. त्या दिवसांचा भत्ता कारखान्याने द्यायचा आणि तो उचलीत वळता करून घ्यायचा नाही, हे आपल्या बैठकीत इतिवृत्तावर यायला हवे. गाळप चोवीस तास चालते, गव्हाण, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकतात ती जागा, रिकामी ठेवता येत नाही, असे कारखाने म्हणतील. म्हणू देत. अंदाज चार दिवस आधी मिळतो, तेवढ्या वेळात तोडणीच्या चिठ्ठ्यांचे नियोजन बदलता येते. पावसाने फड चिखल झाला की ते बदलतातच.

धोका पातळीला तळावरची तान्ही बाळे, बाळंतिणी, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे रात्रीपुरती पक्क्या छताखाली आणावीत. जागा नाहीत असे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, समाजमंदिरे आहेत, सोसायटीची गोदामे आहेत. २०१९ च्या पुरात याच गावांनी हजारो लोकांना आठवडाभर सांभाळले, भाकऱ्या थापून ट्रक भरून पाठवल्या. तीच गावे आहेत, तीच माणसे आहेत. फरक इतकाच, की पुरात बाहेर पडलेले आपल्याच गावचे होते आणि मजुरांची नावे आपल्या गावच्या यादीत नाहीत. ती यादी कारखान्याकडे करारात असते, आशाताईंकडे नसते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ती आरोग्य केंद्राकडे पोचली, तर कुठल्या कोपीत सातवा महिना चालू आहे हे तरी कळेल.

शेकोटीबद्दल फार सांभाळून सांगावे लागेल. शेकोटी करू नका, असे सांगणे क्रूर आहे, दुसरे काही हातात नसताना. पण कोपीच्या आत, कागद चारी बाजूंनी खाली ओढून, घमेल्यात निखारे ठेवून झोपणे जीवघेणे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने झोपेतच माणूस जातो. वर पाचट आणि प्लास्टिक पेट घेते ते वेगळेच. हे पत्रकातून पोचणार नाही. मुकादमाच्या बायकोला, टोळीतल्या जाणत्या बाईला आरोग्य सेविकेने तळावर जाऊन, संध्याकाळी, चुलीपाशी बसून सांगावे लागेल. आणि त्यासोबत हातात काहीतरी द्यावे लागेल. कोपीत जमिनीवर अंथरायला जाड ताडपत्री, तिच्याखाली कोरड्या पाचटाचा थर, माणशी एक लोकरीचे कांबळे. पाचट आपल्या शिवारात हवे तेवढे आहे. कांबळी आणि ताडपत्री कारखान्याने बॉयलर पेटवण्याआधी द्यावीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला आपल्या कार्यालयाने पत्र लिहिले, तर त्यांचाही हातभार लागू शकेल.

शहराचे थोडक्यात सांगतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक फरशीवर झोपतात, मध्यवर्ती बसस्थानकावर आणि रेल्वे स्थानकाबाहेर माणसे झोपतात. महापालिकेने त्या रात्री निवारा केंद्राची गाडी फिरवावी आणि सीपीआरमध्ये एक बंदिस्त दालन रात्रीसाठी उघडावे. १०७७ या आपत्ती क्रमांकावर थंडीचा फोन आला, तर पलीकडच्या माणसाला काय करायचे ते माहीत असावे.

आणखी एक मागणी, जिचा खर्च शून्य आहे. हंगामात तळांवर जे मृत्यू होतात, विशेषतः बाळांचे, त्यांच्या नोंदीत त्या रात्रीचे मंडळाचे किमान तापमान लिहावे. आज बाळ गेले तर ‘ताप’ किंवा ‘न्यूमोनिया’ लिहिले जाते, मजूर मूळ गावी निघून जातात, आणि थंडीने आपल्या जिल्ह्यात कोणी जात नाही असे आपण मानत राहतो. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या, की १२ हा आकडा बरोबर आहे की १३ हवा, हे आपोआप कळेल.

कारखान्यांचे कार्यकारी संचालक, मुख्य शेती अधिकारी, मुकादमांचे प्रतिनिधी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आम्हा शेतकऱ्यांपैकी काही जण, अशी एक बैठक बॉयलर अग्निप्रदीपनाच्या तारखा लागण्याआधी आपण लावावी, ही विनंती. तिथे टोळीतल्या बायकांपैकी किमान दोघी असाव्यात. कोपीत रात्र कशी जाते हे त्यांना जेवढे माहीत आहे तेवढे आमच्यापैकी कोणालाच नाही. माझ्या शिवारालगतच्या तळासाठी गोठ्याशेजारची पत्र्याची शेड मी या हंगामात रिकामी ठेवतो आहे. गावातल्या आणखी काही शेतकऱ्यांशी बोलणे झाले आहे, तेही तयार आहेत. कोणाकडे किती माणसांची सोय होईल, ती यादी आम्ही बैठकीत घेऊन येऊ. बैठकीची तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
करवीर तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी